बिल्बाओचा पिचिची

प्रतिवर्षीं ह्या वार्षिक अंकांत आम्ही एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र विद्यार्थ्यांपुढें ठेवीत असतों. संत, सुधारक, संशोधक, ग्रंथकार ह्यांचीं चरित्रें आजवर पुष्कळ झालीं. यंदां आम्हीं जें चरित्र निवडलें आहे तें पाहून कित्येक पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील हें आम्हांस ठाऊक आहे. कारण आमचा चरित्रनायक हा फूटबॉल खेळणारा एक तरुण होता. त्यानें ग्रंथ लिहिला नाहीं, राज्य मिळविलें नाहीं, आणि कायद्याचा अभ्यासही त्याच्या हातून पुरा झाला नाहीं. वयाच्या तिसाव्या वर्षांतच त्याचा अंत झाला. तथापि त्याच्या मृत्यूला शंभर वर्षें उलटून गेलीं तरी त्याच्या पुतळ्यापुढें परगांवचे खेळाडू फुलें ठेवितात. हा मान त्यास कशामुळें मिळाला, आणि ज्या लोकांनीं तो दिला त्यांच्याकडून त्यास हयातींत काय मिळालें, हें जाणण्याजोगें आहे.

स्पेन देशाच्या उत्तरेस, बिस्केच्या उपसागराजवळ, नेर्व्हियों नदीच्या कांठीं बिल्बाओ नांवाचें शहर आहे. हा बास्क लोकांचा मुलूख. ह्या लोकांची भाषा शेजारच्या कोणत्याही भाषेशीं नातें सांगत नाहीं. गोव्यास ज्यांचें शरीर आजही जतन करून ठेविलेलें आहे ते संत फ्रान्सिस झेवियर जवळच्याच नाव्हार प्रांतांत जन्मले. त्यामुळें तो प्रदेश आम्हां इकडील लोकांस अगदींच परका नाहीं. बिल्बाओच्या सभोंवतालच्या डोंगरांत उत्तम प्रतीचें अशुद्ध लोखंड सांपडे. तें भरून नेण्यास इंग्लंडचीं जहाजें येत, आणि जहाजांवरील खलाशी फावल्या वेळीं नदीकांठच्या एका मोकळ्या जागेवर चेंडू खेळत. लोक त्या जागेला इंग्रजांचें मैदान म्हणूं लागले. गांवकऱ्यांनीं प्रथम तो खेळ नुसता पाहिला, मग ते स्वतः खेळूं लागले, आणि इ. स. १८९८ ह्या वर्षीं तेथें ॲथलेटिक क्लबाचा पाया घातला गेला. हाच क्लब आमच्या चरित्रनायकाचें सर्वस्व झाला.

राफाएल मोरेनो आरान्झादी ह्याचा जन्म २३ मे १८९२ रोजीं बिल्बाओ शहरांत झाला. त्याचे वडील वकील असून कांहीं काळ त्या शहराचे नगराध्यक्ष होते. स्पेनांतील विख्यात तत्त्वज्ञ आणि लेखक मिगेल दे उनामुनो हे त्याच्या आईच्या नात्यांतले. अशा सुविद्य व संपन्न घरांत जन्मलेल्या मुलानें वकिली करावी, नगराच्या कारभारांत नांव मिळवावें, अशी अपेक्षा घरच्या मंडळींनीं केली असल्यास नवल नाहीं.

राफाएलला एस्कोलापिओस पंथाच्या पाद्र्यांनीं चालविलेल्या शाळेंत घातलें. हा पंथ संत होसे दे कालासान्स ह्यांनीं स्थापन केला. गरिबांच्या मुलांस फी न घेतां शिकविण्यासाठीं त्यांनीं इ. स. १५९७ मध्यें रोम येथें शाळा काढली होती. पुढें राफाएलनें जेसुइट पाद्र्यांच्या देउस्तो येथील विद्यापीठांत कायद्याच्या अभ्यासासाठीं नांव घातलें. पण त्याचें चित्त पुस्तकांत रमेना. इंग्रजांचें मैदान त्यास हांक मारी. तेथें वयानें व अंगानें मोठ्या असलेल्या मुलांत हा लहानखुरा पोर घुसे आणि त्यांच्या पायांतून चेंडू काढून पळे. त्याच्या बेताच्या चणीवरून त्याच्या भावानें त्यास ‘पिचिची’ असें थट्टेचें नांव ठेविलें, असें सांगतात. थट्टेचीं नांवें बहुधा शाळेच्या फाटकापाशींच गळून पडतात. हें मात्र त्यास जन्मभर चिकटलें, आणि मरणानंतरही सुटलें नाहीं.

येथें आम्हांस शिक्षक ह्या नात्यानें दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. राफाएलनें अभ्यास सोडला ही गोष्ट अनुकरणीय आहे असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. त्या काळीं स्पेनांत पैसे घेऊन फूटबॉल खेळण्यास उघड मान्यता नव्हती. ती मिळाली १९२६ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर. अर्थात् खेळावर संसार चालविण्याचा राजमार्ग त्यास मोकळा नव्हता. जें केलें तें त्यानें खेळाच्या प्रेमानें केलें. पुस्तकांकडे त्याचें दुर्लक्ष झालें हें खरें. परंतु जें काम त्यानें आपलें मानलें त्यांत त्यानें कुचराई केली नाहीं, हेंही तितकेंच खरें.

इ. स. १९११ च्या सुमारास तो ॲथलेटिकच्या पहिल्या संघांत खेळूं लागला. उंची जेमतेम पांच फूट, अंग सडपातळ, आणि डोक्याला पांढरें फडकें बांधलेलें, अशी त्याची मूर्ति प्रेक्षकांच्या चांगली परिचयाची झाली. तें फडकें नुसत्या ऐटीचें नव्हतें. त्या काळचा चेंडू जाड कातड्याचा असे, आणि त्याचें तोंड वादीनें आवळून बांधलेलें असे. बिल्बाओच्या पावसांत भिजला म्हणजे तो दगडासारखा जड होई, आणि डोक्यानें मारतांना ती वादी कपाळ सोलून काढी. तरीही हा ठेंगणा खेळाडू उंच उंच गड्यांमध्यें उडी घेऊन डोक्यानें चेंडू मारण्यास कचरत नसे. चेंडू कोठें पडेल हें इतरांच्या आधीं ओळखणें, आणि तेथें इतरांच्या आधीं पोंचणें, ह्यांतच त्याचें सारें बळ होतें.

इ. स. १९१३ हें वर्ष त्याच्या आयुष्यांत आणि त्याच्या शहराच्या इतिहासांत संस्मरणीय ठरलें. त्या वर्षीं राजाच्या नांवानें चालणाऱ्या ढालीच्या सामन्यांत ॲथलेटिकचा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. पहिला सामना बरोबरीनें सुटला, आणि पुन्हां खेळविलेल्या सामन्यांत इरून गांवच्या रासिंग संघानें त्यांस एका गोलनें हरविलें. पण क्लबानें त्याच सुमारास स्वतःचें क्रीडांगण बांधावयास घेतलें होतें. जवळच संत मामेस ह्यांच्या नांवाचें स्थान असल्यामुळें क्रीडांगणास सान मामेस हें नांव पडलें. संत मामेस हे प्राचीन काळचे एक तरुण हुतात्मे; त्यांस सिंहांपुढें टाकलें असतां सिंह त्यांच्या पायांशीं शांत बसले अशी आख्यायिका आहे. त्यावरूनच ॲथलेटिकच्या खेळाडूंस लोक सिंह म्हणूं लागले. २१ ऑगस्ट १९१३ रोजीं क्रीडांगणाचें उद्घाटन झालें. समोर तोच इरूनचा रासिंग संघ होता. खेळ सुरू होऊन पांचच मिनिटें झालीं असतील, तोंच पिचिचीनें त्या नव्या मैदानावरील पहिला गोल केला. सामना एकेक गोलच्या बरोबरीनें संपला. परंतु सान मामेसच्या शंभर वर्षांच्या इतिहासांतलें पहिलें पान त्या ठेंगण्या तरुणाच्या नांवानें लिहिलें गेलें.

त्यानंतरचीं तीन वर्षें भरभराटीचीं. १९१४, १९१५ आणि १९१६ अशीं लागोपाठ तीन वर्षें ॲथलेटिकनें राजाची ढाल जिंकली. संघाला शिकविण्यास विल्यम बार्न्स हे इंग्रज गृहस्थ आले होते. त्यांनीं स्वतः १९०२ सालीं इंग्लंडच्या ढालीच्या अंतिम सामन्यांत शेफील्डच्या संघासाठीं विजयाचा गोल केला होता. १९१५ सालच्या अंतिम सामन्यांत बार्सिलोनाच्या एस्पान्योल संघाविरुद्ध ॲथलेटिकनें पांच गोल केले आणि स्वतःवर एकही होऊं दिला नाहीं. त्या पांचांपैकीं तीन एकट्या पिचिचीचे होते. त्या दिवसांत बिल्बाओच्या रस्त्यांतून तो चालला म्हणजे पोरें त्याच्या मागें धांवत असतील, हें सांगण्यास पुस्तक नको.

त्याच्या वैभवाच्या ह्या काळाचें एक सुंदर स्मारक रंगांत राहिलें आहे. आउरेलिओ आर्तेता ह्या बास्क चित्रकारानें एक चित्र काढलें. त्यांत मैदानाच्या कडेला कठड्यापाशीं एक खेळाडू उभा आहे आणि पलीकडे उभ्या असलेल्या तरुणीशीं बोलत आहे. तो खेळाडू म्हणजे पिचिची, आणि ती तरुणी म्हणजे पुढें त्याची पत्नी झालेली आव्हेलिना, असें मानलें जातें. विजयाचा गलबला त्या चित्रांत नाहीं. दोन माणसें शांतपणें बोलत आहेत, एवढेंच. ज्यास आपण केवळ गोल करणारें यंत्र समजतों त्यासही घर असतें, मन असतें, ही गोष्ट तें चित्र नकळत सांगून जातें.

पहिलें महायुद्ध संपल्यावर १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प शहरीं ऑलिंपिक सामने भरले. स्पेनचा राष्ट्रीय फूटबॉल संघ तोंपर्यंत कधींच मैदानांत उतरला नव्हता. तो येथें प्रथम उतरला, आणि त्यांत पिचिचीची निवड झाली. आमच्या वाचकांस हें वाचून आनंद होईल कीं, हिंदुस्थानचा पहिला चमूही त्याच ऑलिंपिकला गेला होता. सर दोराबजी टाटा ह्यांच्या प्रयत्नानें व द्रव्यसाहाय्यानें गेलेल्या त्या चमूंत बेळगांवचे धांवपटु फडेप्पा चौगुले आणि आपल्याकडील कांहीं पहिलवान होते. चौगुले ह्यांनीं मॅरॅथॉनची लांब शर्यत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. बिल्बाओचा पिचिची आणि बेळगांवचे चौगुले हे एकाच उन्हाळ्यांत, एकाच शहरीं, आपापल्या देशाच्या वतीनें प्रथमच उभे राहिले, ही गोष्ट मनांत ठेवण्यासारखी आहे.

२८ ऑगस्ट रोजीं स्पेननें डेन्मार्कचा एका गोलनें पराभव केला. दुसऱ्याच दिवशीं बेल्जमनें स्पेनला तीन विरुद्ध एक अशा फरकानें हरविलें, आणि सुवर्णपदकाची आशा मावळली. परंतु अंतिम सामन्यांत एक विलक्षण प्रकार घडला. बेल्जमविरुद्ध खेळणारा झेकोस्लोव्हाकियाचा संघ पंचांच्या निर्णयांवर चिडून, पूर्वार्ध संपण्यापूर्वींच मैदान सोडून निघून गेला. त्यास स्पर्धेंतून बाद करण्यांत आलें, आणि दुसरा क्रमांक कोणाचा हें ठरविण्यासाठीं इतर संघांत सामने झाले. स्पेननें स्वीडन व इटली ह्यांस जिंकलें, आणि ५ सप्टेंबर रोजीं हॉलंडशीं गांठ पडली. तो सामना स्पेननें तीन विरुद्ध एक असा जिंकला. त्या तीनांतला एक गोल पिचिचीचा होता. देशासाठीं त्यानें केलेला तो एकच गोल. पण त्या सामन्यानें स्पेनला रौप्यपदक मिळालें. पांचही सामन्यांत तो खेळला. एक संघ रागानें मैदानाबाहेर गेला आणि सर्व गमावून बसला. दुसरा हरूनही मैदानांत राहिला आणि पदक घेऊन घरीं परतला. विद्यार्थ्यांनीं ह्यांतील मर्म आपलें आपणच ओळखावें.

आतां ह्या चरित्राच्या ज्या भागाकडे आम्हीं वाचकांस मुद्दाम आणलें त्याकडे वळूं. मनुष्याचे पाय पोलादाचे नसतात. दहा वर्षें जड चेंडू आणि चिखल ह्यांशीं झुंजल्यावर पिचिचीची चपळाई कमी होऊं लागली. पूर्वीं जेथें तो इतरांआधीं पोंचत असे तेथें आतां इतर त्याच्या आधीं पोंचूं लागले. आणि ज्या सान मामेसमध्यें पहिला गोल त्यानें केला होता, त्याच सान मामेसमध्यें लोक त्याच्यावर शिट्ट्या फुंकूं लागले. त्याचा खेळ संपला, तो आपल्याच तोऱ्यांत असतो, असे आरोप होऊं लागले. हे शत्रुपक्षाचे लोक नव्हते. ज्यांनीं टोप्या उडविल्या होत्या तेच हे. पवित्र शास्त्राच्या वाचकांस यरुशलेमेच्या वेशीपाशीं झावळ्या पसरणारा लोकसमुदाय आणि त्याच आठवड्यांत उठलेला दुसरा आरडाओरडा ह्यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. एवढ्या पवित्र प्रसंगाशीं एका खेळाडूची तुलना करण्याचा आमचा हेतु नाहीं. गर्दीचा स्वभाव मात्र सर्व काळीं एकच असतो, इतकेंच आम्हांस म्हणावयाचें आहे.

इ. स. १९२१ मध्यें ॲथलेटिकनें पुन्हां एकदां राजाची ढाल जिंकली, आणि त्याच वर्षीं पिचिचीनें खेळणें सोडलें. तेव्हां तो अवघा एकोणतीस वर्षांचा होता. दुखावलेला मनुष्य अशा वेळीं मैदानाकडे पाठ फिरवितो. ह्यानें तसें केलें नाहीं. त्यानें पंचाची शिट्टी हातीं घेतली. मैदानावरील सर्व कामांत पंचाचें काम असें आहे कीं, त्याबद्दल दोष सर्व देतात आणि धन्यवाद कोणीच देत नाहीं. लोकांच्या शिट्ट्यांनीं ज्यास बाहेर काढलें तो अशा रीतीनें स्वतः शिट्टी घेऊन पुन्हां मैदानांत आला. त्याच्या मनांत काय होतें हें सांगण्यास आज कोणी नाहीं. पण खेळावरचें त्याचें प्रेम टाळ्यांवर अवलंबून नव्हतें, एवढें ह्या एका कृतीवरून आम्हांस दिसतें.

हें कामही त्याच्या हातून फार दिवस व्हावयाचें नव्हतें. १९२२ च्या मार्च महिन्याच्या आरंभीं एका जीवघेण्या तापानें त्यास गांठलेंच होतें, आणि त्यांतून तो उठला नाहीं. दूषित कालवें खाण्यांत आल्यामुळें तो ताप आला असें सांगतात. आजच्यासारखीं रामबाण औषधें तेव्हां उपलब्ध नव्हतीं. तिसावा वाढदिवस पाहण्यापूर्वींच पिचिचीनें डोळे मिटले.

आणि मग शहराला जाग आली. शिट्ट्या विसरल्या गेल्या, गोल आठवूं लागले. ८ डिसेंबर १९२६ रोजीं सान मामेसमध्यें त्याचा अर्धपुतळा बसविण्यांत आला. तो किंतिन दे तोर्रे ह्या शिल्पकारानें घडविला. पुढच्याच वर्षीं हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील एका संघानें त्या पुतळ्यापुढें फुलें वाहिलीं, आणि तेव्हांपासून रिवाजच पडला कीं, जो संघ सान मामेसमध्यें प्रथम खेळावयास येईल त्याच्या नायकानें खेळापूर्वीं पिचिचीपुढें पुष्पगुच्छ ठेवावा. जुनें क्रीडांगण २०१३ सालीं पाडून त्याच्या शेजारीं नवें बांधलें गेलें. भिंती गेल्या, बांकें गेलीं, गवतही नवें आलें. पुतळा मात्र नव्या वास्तूंत नेण्यांत आला, आणि फुलांचा रिवाजही त्याच्याबरोबर गेला.

त्याच्या नांवाचा दुसरा सन्मान ह्याहूनही मोठा आहे. स्पेनांतील राष्ट्रीय साखळी सामने १९२९ सालीं सुरू झाले. पिचिचीस त्यांतील एकही सामना खेळावयास मिळाला नाहीं. तरी मार्का नांवाच्या क्रीडापत्रानें १९५२-५३ च्या हंगामापासून ह्या सामन्यांत सर्वांत अधिक गोल करणाऱ्यास बक्षीस देण्यास आरंभ केला, तेव्हां त्या बक्षिसाला पिचिची हेंच नांव दिलें. आतां तर जुन्या हंगामांतील अग्रेसरांसही तेंच बिरुद लावितात. बिल्बाओचाच तेल्मो झार्रा त्या मानाचा सहा वेळां धनी ठरला, आणि पुढें अर्जेंटिनाच्या लायोनेल मेसीनें तो आठ वेळां मिळविला. भावानें थट्टेनें ठेविलेलें नांव अशा रीतीनें साऱ्या देशांत पराक्रमाचें नांव झालें.

हें सर्व वाचून आमच्या विद्यार्थ्यांस धन्यता वाटेल. पण आम्हांस त्याबरोबर थोडी खंतही वाटते. पुतळ्याला फुलांचा वास येत नाहीं. त्या फुलांतलें एखादें १९२१ सालीं, पाय थकलेल्या, शिट्ट्या ऐकत मैदानांतून बाहेर पडणाऱ्या त्या जिवंत माणसाच्या हातीं पडलें असतें, तर त्याचें मोल किती झालें असतें!

आमच्याच मैदानावरील एक प्रसंग सांगून हा लेख पुरा करितों. एका सामन्यांत आमच्या संघांतील एका मुलाच्या हातून अगदीं सोपा गोल चुकला. कुंपणापाशीं बसलेल्या मुलांनीं हुर्यो केली. तेथें बसलेल्या आम्हां शिक्षकांस ती आवरणें शक्य होतें. पण आम्हीही हंसलों. तो मुलगा त्यानंतर कित्येक दिवस मैदानाकडे फिरकला नाहीं. पिचिचीचें चरित्र वाचतांना आम्हांस वारंवार त्याच मुलाची मुद्रा आठवली, आणि लाज वाटली. त्यानें गेल्या हंगामांत आम्हांस किती सामने जिंकून दिले होते, हें त्या क्षणीं आमच्यापैकीं एकालाही स्मरलें नाहीं.

पालकांस आमची विनंति आहे कीं, खेळणाऱ्या मुलाचें पुस्तक हातचें जाऊं देऊं नका, पण त्याच्या खेळाला हिणवूंही नका. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हां सर्वांस पिचिचीसारखे गोल करितां येतील असें नाहीं. तें देणें परमेश्वराचें आहे. परंतु कुंपणापाशीं कसें बसावें हें तुम्हां प्रत्येकाच्या स्वाधीन आहे. आपला गडी चुकेल त्या दिवशीं त्याच्या पाठीवर हात ठेवा. शिक्षक, आईबाप, भावंडें, सोबती ह्यांपैकीं ज्यांचें तुमच्यावर कांहीं ऋण आहे, त्यांचें कौतुक त्यांच्या हयातींतच करा. फुलें वाहावयाचींच असतील तर तीं घेणारे हात ऊबदार आहेत तोंवरच वाहा, एवढेंच ह्या ठेंगण्या वीराच्या चरित्रापासून आम्ही स्वतः शिकलों, आणि तेंच तुमच्यापुढें नम्रपणें ठेवीत आहों.